बाल्ब-सी उंदरांच्या प्लीहेतून एनके पेशी गायब! फ्लोवाल्यांनो, वाचवा

पिपेटवाली | रविवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं इथे फक्त पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचतेय. स्वतः लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली, तीही रडगाणं घेऊन.

पुण्यात इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. उंदराच्या प्लीहेतल्या एनके पेशी, म्हणजे नॅचरल किलर (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी), फ्लो सायटोमेट्रीने मोजायच्या आहेत. प्लीहा चाळणीवर घासते, लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडते, धुते, एफसी ब्लॉक दहा मिनिटं, मग अँटिबॉड्यांचं मिश्रण घालून अर्धा तास बर्फावर अंधारात. सीडी४५ व्हायोलेट लेझरवर, सीडी३ फिट्सीत, सीडी१९ एपीसीत, मेलेल्या पेशींसाठी सेव्हन-एएडी आणि एनके पेशींची खूण एनके१.१ पीईत, क्लोन (म्हणजे अँटिबॉडीचा वाण) पीके१३६.

टी पेशी सुंदर दिसतात. बी पेशी सुंदर दिसतात. पीईचा भाग मात्र कोरडा ठणठणीत. एकदा नाही, चार वेळा. खरं तर प्लीहेत शंभर लिम्फोसाइटमागे दोन-चार तरी एनके असायला हव्यात.

सीनिअरच्या तीन वर्षांपूर्वीच्या वहीत हाच प्रोटोकॉल, हाच क्लोन आहे आणि तिच्या आलेखात पीईचा छान वेगळा पुंजका बसलाय. गाइड म्हणतात, "प्रोटोकॉलला काही झालेलं नाही, हात सुधार." बाटली नवीन आहे. किंमत सांगत नाही, पण जेआरएफच्या, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीच्या, ३७ हजारांतून घ्यायची म्हटली तर महिनाभर मेसला रामराम करावा लागेल. काय चुकतंय?

---

कोडंबाज | सोमवार, सकाळी ८:१५

मी आयटीतला. धागा चुकून उघडला आणि आता बंद करवत नाहीये. पीई म्हणजे आमच्या शाळेत खेळाचा तास. कुणी मराठीत सांगेल का?

---

राईनकाठची | सोमवार, दुपारी १:०५

@कोडंबाज, प्रयत्न करते. जर्मनीत आहे, आमच्याकडे आत्ता सकाळ आहे आणि सेंट्रिफ्यूज फिरतोय.

पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिनं असतात. टी पेशीवर सीडी३, बी पेशीवर सीडी१९, वगैरे. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी साधारण सारख्याच दिसतात, गोल गोल. मग ज्या प्रथिनावरून पेशी ओळखायची, त्यालाच चिकटेल अशी अँटिबॉडी घ्यायची आणि तिला एक चमकणारा रेणू बांधायचा. पेशी एकामागून एक, एकेरी रांगेत लेझरसमोरून पळवायच्या. जिच्यावर अँटिबॉडी चिकटली ती त्या रंगात चमकते आणि यंत्र तिची नोंद घेतं. फिट्सी हिरवा, पीई नारिंगी, एपीसी लाल. पीई म्हणजे फायकोएरिथ्रिन, लाल शेवाळातलं प्रकाश शोषणारं प्रथिन. १९८२ मध्ये ते अँटिबॉडीला जोडून वापरता येतं हे दाखवलं गेलं आणि क्षीण खुणाही दिसायला लागल्या. गंमत म्हणजे अँटिबॉडीचं वजन दीडशे किलोडाल्टन आणि तिला बांधलेल्या पीईचं दोनशे चाळीस. कंदिलापेक्षा दांडी हलकी.

अवांतर: ही कल्पना अल्बर्ट कून्सची. १९३९ च्या उन्हाळ्यात हा हार्वर्डचा डॉक्टर बर्लिनला आला होता. तिथे भटकताना त्याच्या डोक्यात आलं की अँटिबॉडीलाच रंग लावला तर ती ऊतीत कुठे जाऊन बसते ते डोळ्यांनी दिसेल. १९४१ मध्ये त्याने न्यूमोकोकसविरुद्धची अँटिबॉडी निळ्या चमकीच्या अँथ्रासीनने रंगवली. पण ऊती स्वतःच निळसर चमकतात, त्यात ती हरवायची. म्हणून तो हिरव्या फ्लोरेसीनकडे वळला. आपण आजही फिट्सी वापरतो ती त्याच घराण्यातली.

@पिपेटवाली, तुझ्याकडे संध्याकाळी वळते.

---

खडूसकाका | सोमवार, दुपारी ३:३०

इतिहास छान. आता कामाचं.

१. टायट्रेशन, म्हणजे अँटिबॉडी किती घालायची ते आजमावून बघणं, केलंय का? डब्यावर लिहिलेलं प्रमाण हे कंपनीच्या पेशींसाठी असतं, तुमच्या नाही. २. कॉम्पेन्सेशन कसं केलंत? फिट्सीचा हिरवा पीईच्या खिडकीत सांडतो. तो जास्त वजा केला तर पीईचा खरा सिग्नलही खाली जातो. ३. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण त्या खुणेला न चिकटणारी रंगीत अँटिबॉडी) कुठाय? तो नसताना कुठलाही आलेख मी वाचत नाही, निवृत्त झालो तरी.

आजकालची मुलं सरळ सॅम्पल लावतात आणि मग इथे येऊन वाचवा वाचवा करतात.

---

राईनकाठची | सोमवार, संध्याकाळी ७:५०

काका, पहिल्या दोन मुद्द्यांना +१. तिसऱ्यावर भांडणार. आयसोटाइप कंट्रोलच्या रेणूवर रंगाचे किती कण बसलेत ते खऱ्या अँटिबॉडीशी जुळतंच असं नाही. त्यावरून आलेखात गेटची रेषा (इथून पुढे रंगीत धरायचं ती) मारणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाने सदरा शिवणं. रेषा कुठे मारायची ते एफएमओ सांगतो: सगळे रंग घाल, फक्त पीई वगळ. तरीही पीईच्या खिडकीत जे दिसेल ते इतरांचं सांडलेलं.

शिवाय तिचा पुंजका चुकीच्या जागी नाहीये, पुंजकाच नाहीये. एनके१.१ची खूण एवढी ठळक असते की कंट्रोल विसरलं तरी ती दिसते.

---

खडूसकाका | सोमवार, रात्री ८:१०

शिकवा आम्हाला.

---

बर्फाचीपेटी | सोमवार, रात्री ९:२५

एक साधा प्रश्न. ती बाटली कधी फ्रीझरमध्ये गेली होती का? आमच्याकडे नवीन मुलाने सगळं पार्सल उचलून उणे वीसला ठेवलं होतं, का तर अँटिबॉडी महाग असते म्हणून. साधी अँटिबॉडी एखाद वेळी सोसेल, पण पीई आणि एपीसी ही मोठी, घडीदार प्रथिनं. बर्फ झालं की घडी मोडते आणि दिवा विझतो. यांना चार अंशांवर अंधारात ठेवायचं, गोठवायचं कधीच नाही.

---

पिपेटवाली | सोमवार, रात्री ११:१०

फ्रीझरमध्ये नाही गेली. उलटंच झालं. 🙈 पार्सल शुक्रवारी संध्याकाळी गेटवर आलं आणि सिक्युरिटीच्या टेबलाखाली सोमवारपर्यंत पडून राहिलं. मे महिना. मी उघडलं तेव्हा जेलपॅकचं कोमट पाणी झालं होतं. हे गाइडना सांगितलेलं नाही. कृपया इथेच राहू द्या.

उद्या कॉम्पेन्सेशन बीड्सवर (अँटिबॉडी पकडणाऱ्या बारीक मण्यांवर) तपासते. बीड्सना पेशींचं कौतुक नाही, त्या थेट अँटिबॉडीलाच पकडतात. बाटली जिवंत असेल तर बीड्स चमकतील.

---

पिपेटवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

बीड्स काळ्या ठिक्कर. त्याच बीड्सवर सीडी३ची फिट्सी आणि सीडी१९ची एपीसी झगझगीत. म्हणजे पीकेची बाटली गेली. आता गाइडना गेटची गोष्ट सांगावी लागणार. नवीन ऑर्डरचा फॉर्म भरायला घेतलाय.

---

बर्फाचीपेटी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

वाईट वाटलं. तरी दोन-तीन दिवसांच्या उकाड्याने बाटली पूर्ण मरावी हे थोडं पटत नाही. या अँटिबॉड्या आपण समजतो त्यापेक्षा चिवट असतात.

---

राईनकाठची | मंगळवार, रात्री ८:३३

थांब!! फॉर्म भरू नकोस.

बीड्स कुठल्या आहेत? डब्यावर काय पकडतात लिहिलंय ते नीट वाच.

---

पिपेटवाली | मंगळवार, रात्री ९:०२

"रॅट अँड हॅम्स्टर." का? सगळ्या उंदराच्या पॅनेलसाठी हाच डबा वापरतो आम्ही.

---

राईनकाठची | मंगळवार, रात्री ९:२०

कारण उंदराच्या प्रथिनांविरुद्धच्या बहुतेक अँटिबॉड्या रॅटमध्ये (मोठा उंदीर, आपल्या छोट्या उंदराहून, म्हणजे माउसहून, वेगळी जात) किंवा हॅम्स्टरमध्ये बनवतात. उंदीर स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध सहसा काही बनवत नाही, मग दुसरा प्राणी लागतो. तुझी सीडी३ हॅम्स्टरची किंवा रॅटची, सीडी१९ रॅटची. पीके१३६ अपवाद आहे. ती उंदराचीच आहे, माउस आयजीजी२ए. तुझ्या बीड्सच्या हाताला ती लागणारच नाही. माउस पकडणाऱ्या बीड्स शोध कुठेतरी.

---

कोडंबाज | मंगळवार, रात्री ९:४५

हे भारी आहे. कुलूप उघडलं नाही म्हणून किल्ली तपासायला गेली, तर तपासायचं कुलूपही दुसऱ्याच किल्लीचं.

---

पिपेटवाली | बुधवार, दुपारी ४:५५

शेजारच्या लॅबमधून माउसच्या बीड्स मागून आणल्या. पीई दणदणीत चमकली!!! बाटली ठणठणीत आहे. सिक्युरिटीकाकांचं टेबलही ठणठणीत.

पण मग पेशी कुठायत? आता पाचव्यांदा लावलं. पुन्हा काहीच नाही. बाटली बरी, मशीन बरं, पेशी जिवंत, बाकी सगळे रंग जागेवर. माझा हातच वाईट असं मलाही वाटायला लागलंय.

---

सीडी४वाला | बुधवार, रात्री १०:१५

मॅडम, मी संशोधनातला नाही. एका जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, लॅब टेक्निशियन होतो. भोसरीच्या ‘नारी’त, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, प्रशिक्षण झालं होतं. सरकारने १ एप्रिल २००४ ला मोफत औषधं सुरू केली, तेव्हा रक्तातल्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या टी पेशी) दोनशेच्या खाली आल्याशिवाय सहसा गोळ्या मिळत नसत. एका आकड्यावर माणूस आत किंवा बाहेर. सकाळी रक्ताच्या ईडीटीए नळ्यांची रांग आणि दुपारी रिपोर्टच्या खिडकीपाशी माणसांची रांग. पुढे मर्यादा साडेतीनशे झाली, मग पाचशे, आणि २०१७ पासून आकडा काहीही असो, औषध सुरू. तोवर आकड्याचं आम्हाला फार दडपण असायचं. सीडी३ न लावता नुसतं सीडी४ मोजलं तर मोनोसाइट या दुसऱ्याच पांढऱ्या पेशीही थोड्या थोड्या धरल्या जातात, हे आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

तिथे शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती ती तुमचं वाचून आठवली. ओकेटी४ नावाची सीडी४ची एक जुनी अँटिबॉडी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही जपानी आणि काही कृष्णवर्णीय लोकांत असं दिसलं की ती लावली तर सीडी४ पेशी शून्य. माणूस धडधाकट. दुसऱ्या क्लोनची अँटिबॉडी लावली की सगळ्या पेशी हजर. त्यांच्या सीडी४ प्रथिनात एका अमिनो आम्लाचा फरक होता आणि ओकेटी४ नेमकी तिथेच बसायची. सर म्हणायचे, रिपोर्टवर शून्य आलं तर आधी विचारा, कुणाच्या डोळ्याने पाहिलं.

उंदरांतही असं घराण्याघराण्यात असतं का? तुमचे उंदीर कुठले?

---

खडूसकाका | बुधवार, रात्री १०:४०

अरे देवा.

बाल्ब-सी. शीर्षकातच लिहिलंय. चार दिवस आपण सगळे धाग्याच्या शीर्षकाखाली बसून बाटली हुंगतोय.

बाल्ब-सीवर पीके१३६ चालत नाही! बी६ घराण्यातल्या उंदरांवर चालते. बाल्ब-सीत एनके१.१च्या कुळातल्या प्रथिनांत थोडे बदल आहेत, अँटिबॉडी चिकटायला जागाच नाही. पेशी सगळ्या आहेत, तुमची अँटिबॉडी त्यांना ओळखत नाही. मुली, तुझ्या सीनिअरचे उंदीर कोणते होते ते विचार.

आणि हे मला पहिल्या प्रतिसादात सुचायला हवं होतं. सीडी४वाल्यांना साष्टांग.

---

पिपेटवाली | बुधवार, रात्री ११:०५

विचारलं. बी६. 😭

आम्ही गेल्या वर्षी बाल्ब-सीवर गेलो, कारण आता ४टी१ ट्यूमर (उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) वापरतो आणि त्या पेशी बाल्ब-सीच्याच आहेत, दुसऱ्या घराण्यात त्या नाकारल्या जातात. उंदीर बदलले, प्रोटोकॉलची वही तीच राहिली.

---

राईनकाठची | गुरुवार, सकाळी १०:२५

रात्री झोपच आली नाही, म्हणून पीके१३६चा जन्म शोधून काढला. मंगळवारी मी म्हटलं होतं की उंदीर स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सहसा बनवत नाही, मग ही उंदराची कशी, हा प्रश्न तेव्हाच मला पडायला हवा होता.

१९८४ मध्ये कू आणि पेपार्ड यांनी ती बनवली. सीई नावाच्या घराण्यातल्या उंदरांच्या एनके पेशी घेतल्या आणि दुसऱ्या उंदरांना टोचल्या. ते दुसरे उंदीर म्हणजे सी३एच आणि बाल्ब-सी यांची संकरित पिल्लं.

म्हणजे बघा. ज्या उंदराच्या अंगात ही अँटिबॉडी तयार झाली त्याच्यात निम्मं रक्त बाल्ब-सीचं. त्याला सीईच्या पेशीवरचं प्रथिन परकं वाटलं, म्हणून त्याने त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली. बाल्ब-सीचं प्रथिन त्याला आपलंच होतं. आपल्यावर चिकटेल अशी अँटिबॉडी त्याची प्रतिकारशक्ती ठेवेलच कशी? पिपेटवाली, तुझी बाटली बाल्ब-सीला न ओळखण्याच्या अटीवरच जन्माला आली आहे.

---

कोडंबाज | गुरुवार, सकाळी १०:५०

थोडक्यात, माहेरच्या माणसांना चावत नाही.

---

खडूसकाका | गुरुवार, सकाळी ११:१५

कोडंबाज, तुम्ही क्षेत्र बदला.

पिपेटवाली, आता दोन रस्ते. डीएक्स५ क्लोन, म्हणजे सीडी४९बी, बाल्ब-सीवर चालतो. पण तो काही टी पेशींवर आणि बेसोफिलवरही बसतो, तेव्हा सीडी३ नसलेल्याच पेशी घे. दुसरा एनकेपी४६, क्लोन २९ए१.४. तो जास्त नेमका आणि घराणं कुठलंही असो, चालतो. दोन्ही रॅटच्या, त्यामुळे तुझ्या जुन्या बीड्सही चालतील. डीएक्स५ आयजीएम (अँटिबॉडीचा वेगळा वर्ग) आहे, तेवढं बीड्सच्या पत्रकात पकडतात का ते बघून घे. (हो, यावेळी मी वाचून सांगतोय.)

---

पिपेटवाली | शनिवार, रात्री ८:१०

मंडळी!

शेजारच्या लॅबने डीएक्स५ पीईतली थोडी दिली, वर बी६चा एक प्लीहाही. आज चार नळ्या लावल्या. बी६ + पीके: पुंजका. बी६ + डीएक्स५: पुंजका. बाल्ब-सी + पीके: वाळवंट. बाल्ब-सी + डीएक्स५: पुंजका!! सीडी३ वगळून शंभरात तीनेक. एफएमओही लावला आणि काका चिडतील म्हणून आयसोटाइपही लावला. दोघांनी एकच सांगितलं, त्यामुळे भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

सोमवारी चारही आलेख शेजारी शेजारी लावून गाइडना दाखवणार आहे. गेटची गोष्टही सांगणार, आता ती विनोदी झाली आहे.

पण एक जास्त मोठी गोष्ट यातून टळली. पुढच्या महिन्यात एनके पेशी नष्ट करून ट्यूमर वाढतो का ते बघायचं होतं आणि त्यासाठी हीच पीके१३६, बिनरंगाची, मोठ्या प्रमाणात मागवायची ठरली होती. उंदरांना टोचली असती, एकही एनके पेशी मेली नसती आणि मी "एनके पेशींचा ट्यूमरवर परिणाम नाही" असं प्रबंधात लिहिलं असतं.

---

खडूसकाका | शनिवार, रात्री ८:४५

आणि पेशी गेल्या का हे तपासायला पुन्हा पीकेच लावली असतीस आणि "शंभर टक्के नष्ट" आलं असतं! बाल्ब-सीत एनके मारायला अँटी-एशियालो जीएम१ ही अँटिबॉडी वापरतात. सशाची असते. तिचेही नखरे आहेत, चेतलेल्या टी पेशींनाही मारते. त्यासाठी वेगळा धागा काढ.

---

रक्तपेढीशेजारी | रविवार, दुपारी १२:२०

उशिरा आले. मी हेमॅटोपॅथॉलॉजीत (रक्ताच्या आजारांच्या निदानात) आहे, आमच्याकडे हा प्रकार औषधांमुळे होतो. मायलोमाच्या (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णाला डाराटुमुमॅब दिलं, जे स्वतःच एक अँटिबॉडी आहे, की ते त्या पेशींवरच्या सीडी३८वर जाऊन बसतं. मग आपण सीडी३८ची रंगीत अँटिबॉडी लावली तर तिला जागाच उरत नाही. नवीन रेसिडेंट आनंदाने धावत येतो, "मॅडम, प्लाझ्मा पेशी गेल्या!" गेलेल्या नसतात, खुर्चीवर आधीच कुणी बसलेलं असतं. रिटक्सिमॅबनंतर सीडी२०चंही तेच. त्यामुळे फॉर्मवर औषधाचं नाव नसेल तर मी फोन केल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही.

---

सीडी४वाला | रविवार, दुपारी १:३०

मॅडम, हे आमच्या सरांना सांगायला हवं होतं. खूप आवडलं असतं त्यांना.

---

पिपेटवाली | रविवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे खूप आभार. सीडी४वाले दादा, प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव इथल्या टोपणनावाने लिहिलं तर चालेल का?

आणि एक निर्लज्ज प्रश्न: एनकेपी४६ची नवीन बाटली यायला सहा आठवडे लागतील म्हणतात. पुण्यात कुणाकडे दहा मायक्रोलिटर सुटी आहे का? कुठलाही रंग चालेल, फिट्सी सोडून.

---

बर्फाचीपेटी | रविवार, रात्री १०:०५

पीईत आहे. गुरुवारी दुपारनंतर या. बर्फाचा डबा आणि फॉइल तुमचं तुम्ही आणा, आणि गेटवर ठेवून जाणार नाही, हातात देईन.